खाऱ्या पाण्याचा स्विमिंग पूल, दोन गतींची मोटार: क्लोरिनेटर स्लोवर चालवायचा की फास्टवर?

जांबोटीरोड

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वाटेवर आमचं फार्म स्टे आहे. बेळगाव, गोवा, कोल्हापूरकडचे लोक शनिवार-रविवारी येतात. पूल दहा मीटर बाय पाच मीटर, सरासरी खोली एक मीटर चाळीस, म्हणजे ७० हजार लिटर पाणी. सुरुवातीपासून पाण्यात विरघळवलेल्या मिठातून विजेनं क्लोरीन बनवणारा क्लोरिनेटर आहे, तासाला २५ ग्रॅम क्लोरीन देणारा. ब्लीचिंग पावडरचा उग्र वास आणि डोळ्यांची आग नको म्हणून मुद्दाम तो घेतला. त्या बाबतीत समाधानी आहे. पोरं दुपारभर पाण्यात असतात, डोळे लाल होत नाहीत.

यंदा जुनी दीड एचपीची मोटार काढून दोन गतींची थ्री-फेज मोटार घातली. फास्टवर दीड किलोवॉट घेते, स्लोवर साडेतीनशे वॉटच्या आसपास. वीजबिल कमी व्हावं एवढाच हेतू. पण स्लोवर टाकलं की दहा-पंधरा मिनिटांत क्लोरिनेटरच्या पॅनेलवर ‘नो फ्लो’चा लाल दिवा लागतो. कधी आपोआप हिरवा होतो, कधी तसाच राहतो. मोटार बसवून गेलेल्यांना विचारलं तर म्हणाले, क्लोरीन हवं असेल तर फास्टवरच चालवा, स्लोवर ते तयारच होत नाही. तसं असेल तर दोन गतींची मोटार घेऊन उपयोग काय?

माझे दोन प्रश्न. स्लोवर पाणी निम्मं वाहतं, तर क्लोरीनही निम्मंच तयार होतं का? आणि लाल दिव्याचं काय करायचं? पंपरूम उतारामुळं पूलच्या पाण्यापेक्षा वर आहे, हेही सांगून ठेवतो.

निपाणीच्या_बाई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो माझ्या विषयाचा आहे. क्लोरीन किती तयार होणार हे पाण्याच्या वेगावर ठरत नाही, सेलमधून, म्हणजे क्लोरिनेटरच्या ज्या भागात प्लेटा असतात त्यातून, किती वीज जाते त्यावर ठरतं. फॅरेडेनं १८३०च्या दशकात मांडलेला नियम शाळेत आपण सगळेच शिकलो. एक अँपियर एक तास वाहिला की प्लेटांच्या एका जोडीमागे जास्तीत जास्त १.३२ ग्रॅम क्लोरीन. पाणी सावकाश गेलं काय, भरभर गेलं काय, हा आकडा तोच.

फरक पडतो तो एवढाच की सावकाश जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन जास्त दाट मिसळून बाहेर पडतं. पूलमध्ये गेल्यावर हिशोब ग्रॅमचाच. तुमच्या ७० हजार लिटरला उन्हाळ्यात दिवसाला ३ पीपीएम, म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं असं धरा, म्हणजे २१० ग्रॅम. २५ ग्रॅमचा सेल पूर्ण क्षमतेवर साधारण साडेआठ तास चालला की झालं. टक्केवारी ७० वर ठेवली तर बारा तास. हे तास स्लोवर गेले तरी चालतात, फक्त सेल पाण्यानं पूर्ण भरलेला हवा आणि पाणी सतत वाहतं हवं.

दुसरी अट सुरक्षेची आहे. प्लेटांच्या एका बाजूला क्लोरीन तयार होतं, तेव्हा दुसऱ्या बाजूला हायड्रोजन सुटतो. पाणी वाहत असलं की तो बुडबुड्यांनी निघून जातो. पाणी थांबलं आणि सेलला वीज मिळत राहिली तर तो वर साचतो. बंद पाइपात साचलेला हायड्रोजन म्हणजे स्फोटाला निमंत्रण. म्हणून तो लाल दिवा तुमच्या भल्यासाठी आहे. कंटाळून कुणी फ्लो स्विचच्या, म्हणजे पाणी वाहतंय का ते बघणाऱ्या स्विचच्या, दोन वायरी एकत्र जोडून देतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका.

उद्यमबाग_वाइंडर

बाईंनी बरोबर सांगितलंय. मोटारीचं मी सांगतो. उद्यमबागेत आमचं वाइंडिंगचं काम हाय, फाउंड्रीच्या आणि हायड्रॉलिकच्या मोटारी येतात, पूलच्या बी येतात.

आपल्याकडं दोन गतींची थ्री-फेज मोटार म्हटली की बहुतेक डॅलँडर वाइंडिंग असतंय. एकच वाइंडिंग, जोडणी बदलून चार पोलची दोन पोल होते. स्लोवर १४०० च्या वर थोडी, फास्टवर २८०० च्या वर. गती निम्मी झाली की पाणी निम्मं, दाब चौथा हिस्सा आणि पंपाला लागणारी ताकद आठवा हिस्सा. मोटार स्वतः स्लोवर तेवढी कार्यक्षम राहत नाही, म्हणून मीटरवर आठवा हिस्सा दिसत नाही, चौथा-पाचवा दिसतो. तुमचे साडेतीनशे वॉट बरोबर हायत.

आता तुमच्या दिव्याकडं येऊया. तीन गोष्टी तपासा.

एक, दाबाचा काटा. फिल्टर नुकताच धुतलेला असताना फास्टवर किती दाखवतो आणि आज किती? स्लोला दाबच चौथा हिस्सा मिळतो. त्यामुळं वाळू थोडी जरी भरली तरी फास्टला कळत नाही, पण स्लोचं पाणी पार मंदावतं. फास्टवर चालवणारी माणसं बॅकवॉश, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्यानं धुणं, लांबवतात. स्लो चालवायचं असेल तर लवकर करावं लागतंय.

दोन, हवा. पंप पाण्यापेक्षा वर म्हणालात. सक्शनच्या बाजूला कुठंही बारीक फट असली की पंप हवा ओढतो. फास्टवर ती हवा पाण्यासोबत निघून जाते, स्लोवर जात नाही. फिल्टरच्या डोक्यावर आणि सेलमध्ये जाऊन बसते. पंपाच्या जाळीवरचं पारदर्शक झाकण बघा, स्लो चालू असताना पाण्यावर बुडबुडे नाचतात का?

तीन, फिरण्याची दिशा, आणि ती दोन्ही गतींना वेगवेगळी बघायची. लाइनचं काम झालं, फेज उलटसुलट झाले किंवा पॅनेलमध्ये एका गतीच्या वायरी अदलाबदल झाल्या की मोटार त्या गतीला उलटी फिरते. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, पण कमी. म्हणून पटकन लक्षात येत नाही. मागच्या पंख्याकडं बघून बाणाशी ताडून घ्या.

आणि क्लोरिनेटरला वीज कुठनं दिलीय ते पण सांगा. हे फार महत्त्वाचं हाय.

जांबोटीरोड

धन्यवाद बाई, धन्यवाद मिस्त्री. काटा फास्टवर सध्या १.४ दाखवतो. धुतल्यावर ०.९ असायचा. झाकणात बुडबुडे आहेत, एकापाठोपाठ एक, रव्याएवढे बारीक. क्लोरिनेटरची वायर मोटारीच्या फास्टच्या टर्मिनलवरून घेतलेली होती. स्लोवर तो चालूच होईना, तेव्हा वायरमननं स्लोच्या टर्मिनलवरूनही एक वायर आणून चेंजओव्हर लावला.

उद्यमबाग_वाइंडर

ती वायर आजच्या आज काढा. मोटारीच्या टर्मिनलवरून दुसरं कुठलंच उपकरण चालवायचं नाही, दोन गतींच्या मोटारीवरून तर नाहीच नाही.

कारण सांगतो. डॅलँडर मोटार स्लोवर चालू असते तेव्हा फास्टची टर्मिनलं मोकळी दिसतात, पण ती त्याच वाइंडिंगच्या मधल्या जागेवरून काढलेली असतात. त्यामुळं त्यांच्यावर व्होल्टेज असतंच. सिंगल-फेजच्या दोन वाइंडिंगवाल्या मोटारीत सुद्धा एक वाइंडिंग चालू असताना दुसऱ्यात व्होल्टेज तयार होतं. ते २३० असेलच असं नाही, कमी असेल, जास्त असेल. क्लोरिनेटरच्या पॅनेलमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड असतंय. असं भलतंच व्होल्टेज मिळालं की कार्ड जातंय. आमच्याकडं अशी जळलेली कार्डं घेऊन लोक येतात आणि क्लोरिनेटरला दोष देतात.

बरोबर जोडणी अशी. क्लोरिनेटरला स्वतंत्र एमसीबी, ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (शॉक बसू नये म्हणून गळतीला वीज तोडणारा), आणि थेट लाइनवरून फेज-न्यूट्रल. त्या फेजमध्ये एक छोटा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की लागणारा स्विच, घालायचा. त्याची कॉइल मोटारीच्या स्लो आणि फास्ट अशा दोन्ही कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी (जोडीच्या छोट्या) काँटॅक्टमधून घ्यायची, ते दोन्ही समांतर. स्लो लागला तरी क्लोरिनेटर मिळतो, फास्ट लागला तरी मिळतो, मोटार बंद तर क्लोरिनेटर बंद. फ्लो स्विच ह्याच्या शिवाय आणखी, ह्याच्या बदल्यात नाही. मोटारीच्या दोन कॉन्टॅक्टरमध्ये इंटरलॉक, म्हणजे दोन्ही एकदम लागू नयेत अशी सोय, आहे का ते पण बघा. फास्टवरून स्लोवर जाताना मधे काही सेकंद मोटारीला वीज नको, नाहीतर ती झटक्यानं ब्रेक खाते. एक फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर असेलच, नसेल तर घाला. खानापूरकडं पावसात एक फेज जाणं काही नवीन नाही.

घटप्रभा_काठ

मी गोकाकच्या बाजूचा. आमच्या सोसायटीचा पूल मी बघतो. वरच्या सगळ्यांचं पटतं, पण स्लोचा एक तोटा कुणी सांगितला नाही. स्लोवर सेलच्या प्लेटांवर पांढरा थर लवकर चढतो.

आमचं पाणी बोअरचं आहे. काळी माती, खाली बेसॉल्ट, पाणी जड. फास्टवर चालवायचो तेव्हा सेल बऱ्यापैकी स्वच्छ राहायचा. स्लो सुरू केल्यावर प्लेटांच्या मधे चुन्याचे कंगोरे दिसायला लागले. पॅनेल ध्रुव उलटे करून प्लेटा आपोआप साफ करतं, तरीही. थर चढला की करंट उतरतो, आणि मग क्लोरीन खरोखरच कमी तयार होतं. ‘स्लोवर क्लोरीन होत नाही’ असं जे लोक म्हणतात, त्यांच्यातल्या काहींनी हेच बघितलं असणार.

निपाणीच्या_बाई

अगदी खरं आहे, आणि कारणही सरळ आहे. ज्या प्लेटवर हायड्रोजन सुटतो तिथं पाणी अल्कधर्मी होतं. तेवढाच अल्क निम्म्या पाण्यात मिसळला की सेलच्या आतला पीएच जास्त चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बसायला तेवढंच हवं असतं. म्हणून जड पाण्याच्या गावाला स्लो चालवायचं असेल तर पूलचा पीएच ७.२ ते ७.५ मध्ये धरून ठेवायचा आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचं प्रमाण, ६० ते ८० पीपीएमच्या वर जाऊ द्यायची नाही.

मिठाच्या पूलमध्ये पीएच सारखा वर का जातो असं बऱ्याच जणांना वाटतं. क्लोरिनेटर सोडा तयार करतो म्हणून, असं उत्तर मिळतं, पण ते अर्धवट आहे. तयार झालेलं क्लोरीन वापरलं गेलं की त्याचं परत मीठ होतं आणि तो हिशोब बऱ्यापैकी फिटतो. पीएच चढतो तो मुख्यतः पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यामुळं. हायड्रोजनचे बुडबुडे पाणी घुसळतात, धबधबा किंवा कारंजं असेल तर आणखी. अल्कलिनिटी कमी ठेवली की उडायला कार्बन डायऑक्साइडच कमी राहतो.

जांबोटीकडच्या जांभ्या दगडातलं पाणी मुळात मऊ असतं, त्यामुळं धागाकर्त्यांना थराचा त्रास गोकाकएवढा होणार नाही. उलट पाणी फार मऊ असेल तर सिमेंटची भिंत आणि टाइल्सच्या सांधी झिजतात. कॅल्शियम एकदा तपासून घ्या.

घटप्रभा_काठ

बाई, पटलं. आम्ही आता पीएच रोज बघतो. सेल धुण्याबद्दल एवढंच सांगतो की लोखंडी पाना किंवा खरवडणी प्लेटांना लावायची नाही. टायटॅनियमवर रुथेनियम-इरिडियमचा पातळ लेप असतो, तो गेला की सेल गेला. पाण्यात थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड, साधारण दहाला एक, ओतताना पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी कधीच नाही. सेल उभा धरून भरायचा, फेस थांबला की ओतून स्वच्छ पाण्यानं धुवायचा. आणि ॲसिडचा कॅन पंपरूममध्ये ठेवू नका. झाकण लावलेलं असलं तरी वाफ सुटते आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट हिरवे पडतात.

मिठाचं रीडिंगही जपून घ्या. पॅनेल पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून मीठ सांगतं. बोअरच्या पाण्यात मुळातच हजारभर क्षार असतील तर तेही त्यातच धरलं जातं. पॅनेल ३५०० पीपीएम दाखवतं, खरं मीठ २८०० असतं. क्लोराइड तपासायची पट्टी मिळते, तिनं ताडून बघा.

टिळकवाडी_टेक्सास

मी मूळचा टिळकवाडीचा, सध्या ह्यूस्टनला. इथं घरोघरी पूल असल्यामुळं हा विषय जवळचा आहे. दोन सूचना.

इंटरनेटवर दोन गतींच्या पंपाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेतलं, ६० सायकलचं. ३४५० आणि १७२५ फेरे हे आकडे इथले. भारतात ५० सायकल. कुणी नातेवाइकाकडून इथला पंप मागवायचा विचार करत असेल तर करू नका, ६० सायकलची मोटार त्याच व्होल्टेजला ५० वर चालवली की तापते.

दुसरं, इथं जुलै २०२१ पासून केंद्राचे नवे कार्यक्षमतेचे नियम लागू झाल्यावर जमिनीतल्या पूलसाठी नवीन पंप बहुतेक व्हेरिएबल स्पीडचेच, म्हणजे हवी ती गती ठेवता येणारे, मिळतात. दोन गतींचे मागे पडले. तुमच्याकडं साधी थ्री-फेज मोटार आणि व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून गती बदलणारं यंत्र) असं केलं तर तोच फायदा मिळेल. सेलला जेवढा प्रवाह लागतो त्याच्या जरासं वर नेऊन ठेवता येतं, ‘निम्मं किंवा पूर्ण’ अशी सक्ती राहत नाही.

उद्यमबाग_वाइंडर

व्हीएफडी चांगला, ३० ते ३५ हर्ट्झवर ठेवला की दिवा लागायचा प्रश्नच नाही. पण धागाकर्त्यांनी मोटार घेतलेली हाय आणि ती चांगली हाय. पंपरूम दमट, जवळ खारं पाणी, तिथं व्हीएफडीचं आयुष्य त्याच्या पेटीवर अवलंबून राहतंय. डॅलँडरला तीन कॉन्टॅक्टर पुरतात आणि ते खानापुरात बी दुरुस्त होतात. आहे त्यावरच चालवा असं माझं मत.

स्लोवर एकदम सुरू करू नका, हे राहिलं. पंप पाण्याच्या वर असला की स्लोला पाणी ओढायची ताकद पुरत नाही. आधी फास्टवर पाचेक मिनिटं, हवा निघून गेली, झाकणाखाली पाणी भरलं, मग स्लो. वीज जाऊन आली तरी परत फास्टपासूनच. टायमर रिलेनं हे आपोआप होतंय.

साधा चकतीचा टायमर असेल तर बदला. वीज गेली की ती चकती थांबते आणि वीज आली की गेलेला वेळ धरून मागे चालते. महिन्याभरात रात्रीचं वेळापत्रक सकाळवर येतंय. बॅटरीवाला डिजिटल घ्या.

जांबोटीरोड

मंडळी, काम झालं. सांगितलेल्या क्रमानं केलं म्हणून सविस्तर लिहितो, पुढं कुणाला लागेल.

आधी क्लोरिनेटरची जोडणी मिस्त्रींनी सांगितली तशी करून घेतली. वायरमनला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यानं स्लो चालू ठेवून फास्टच्या टर्मिनलवर मीटर लावला, काटा हलला. मग त्यानं स्वतःच सगळी वायर ओढून काढली.

दिशा दोन्ही गतींना बरोबर निघाली. बॅकवॉश केला, काटा परत ०.९ वर, स्लोवर ०.२ च्या किंचित वर. पण बुडबुडे होतेच. जाळीच्या झाकणाची रबरी रिंग काढून हातात घेतली, तर एका बाजूला चपटी आणि कडक झालेली, नखानं दाबली तरी दबत नव्हती. नवी रिंग आणली, सिलिकॉन ग्रीस लावून बसवली. आमचा माणूस व्हॅसलीन लावत होता, दुकानदारानं सांगितलं की पेट्रोलियमच्या ग्रीसनं काही रबरं फुगतात.

त्यानंतर सेलकडं बघत बसलो. आमचा सेल पारदर्शक आहे. फास्टवर प्लेटांमधून दुधासारखा पांढरा लोट निघतो आणि लगेच पाइपात नाहीसा होतो. स्लोवर तोच लोट दाट दिसतो, रेंगाळतो, पण वर हवेची पोकळी साचत नाही. आधी वरच्या बाजूला बोटभर पोकळी दिसायची आणि तिथलाच सेन्सर कोरडा पडायचा. आता लाल दिवा नाही.

बाईंचं म्हणणंही तपासलं. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजायचं, रात्री सेल पूर्ण क्षमतेवर आठ तास चालवायचा, उन्हाआधी परत मोजायचं. एकदा फास्टवर, एकदा स्लोवर. दोन्ही वेळा वाढ साधारण अडीच पीपीएम. थेंबांच्या किटवर जेवढं कळतं तेवढ्यात फरक नाही.

आता वेळापत्रक असं ठरवलंय. दुपारी पाहुणे पाण्यात असतात तेव्हा दीड तास फास्ट, कारण स्लोवर स्किमर, म्हणजे वरचं पाणी ओढून घेणारं तोंड, पानं नीट ओढत नाही आणि वरची धूळ तशीच फिरत राहते. बाकी चौदा तास स्लो. तासाला फास्टवर १८ हजार लिटर आणि स्लोवर ९ हजार धरलं, तर दिवसाला दीड लाख लिटरच्या वर पाणी फिल्टरमधून जातं, म्हणजे सगळं पाणी दोनदा. वीज सव्वासात युनिटच्या आत. आधी आठ तास फास्ट म्हणजे १२ युनिट जायची आणि पाणी फिरायचं जवळजवळ तेवढंच.

शहापूरची_लेक

छान माहिती मिळतेय. एक विचारते. रात्री क्लोरीन तयार करून सकाळी उन्हात ते उडून जात नाही का? आमच्याकडं संध्याकाळपर्यंत काहीच उरत नाही.

निपाणीच्या_बाई

ताई, तुमच्या पाण्यात स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, आहे का ते आधी बघा. ते नसेल तर भर उन्हात एक-दोन तासांत निम्म्याहून जास्त क्लोरीन संपतं, क्लोरिनेटर कितीही मोठा असो. मिठाच्या उघड्या पूलला ६० पीपीएमच्या आसपास स्टॅबिलायझर आणि ३ ते ४ पीपीएम क्लोरीन असं जमतं. स्टॅबिलायझर वाढवत मात्र नेऊ नका. ते पाण्यातून सहज जात नाही आणि फार झालं की क्लोरीनला बांधून ठेवतं. ट्रायक्लोरच्या गोळ्या वापरत असाल तर त्यातून ते आपोआप वाढत असतं, हेही धरा.

रात्री तयार केलेलं क्लोरीन सूर्य खात नाही म्हणून रात्रीचे तास चांगलेच. पण सगळे तास रात्री नकोत. दिवसा माणसं पाण्यात असताना थोडं ताजं क्लोरीन येत राहिलेलं बरं.

ऊसवाला_हुक्केरी

माझा प्रश्न वेगळा आहे. धागाकर्त्यांच्या बॅकवॉशचं पाणी कुठं जातं? आमच्या शेजारच्या फार्महाउसचं पाणी आमच्या बांधावर येतंय आणि कडेच्या दोन सऱ्यांतला ऊस पिवळा पडलाय.

घटप्रभा_काठ

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं. फास्टवर मिनिटाला ३०० लिटर जातं, तीन मिनिटं बॅकवॉश म्हणजे ९०० लिटर. लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ, म्हणजे दर वेळी तीन किलोच्या वर मीठ तुमच्या बांधावर. ऊस खारेपणा फारसा सोसत नाही, आणि काळ्या जमिनीत सोडियम गेलं की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. शेजाऱ्याला हा हिशोब दाखवा आणि वेगळा शोषखड्डा करायला सांगा, विहिरीपासून आणि बोअरपासून लांब. नारळ त्यातल्या त्यात सोसतो, पण त्यालाही दर वेळी तेच पाणी नको.

बॅकवॉश मात्र फास्टवरच करायचा. स्लोवर वाळू उचललीच जात नाही, पाणी जातं आणि घाण आतच राहते.

जांबोटीरोड

आमचं उतारावरून ओढ्याकडं जायचं. हे वाचल्यावर जागा बघितली, पंपरूमच्या मागं खड्डा घेतोय. खाली दोन शेतं आहेत, त्यांना विचारूनच जागा ठरवली.

आता शेवटचा प्रश्न. मृग लागायला आलाय. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, कणकुंबीच्या बाजूला तर विचारूच नका. पावसात मिठाचं काय करायचं? दर आठवड्याला पोती ओतत बसायचं का?

निपाणीच्या_बाई

मीठ वापरून संपत नाही, ते फक्त पाण्यासोबत बाहेर जातं. तुमच्या खोलीच्या पूलवर ३०० मिलिमीटर पाऊस पडून तेवढंच पाणी ओसंडून गेलं, तर मीठ साधारण पाचव्या भागानं उतरतं. ३५०० चं २८०० होतं. तुमच्याकडं एवढा पाऊस थोड्या दिवसांत पडतो, तेव्हा भर पावसात मीठ ओतणं म्हणजे ओढ्यात ओतणं. आणि कमी मिठावर सेल चालवत ठेवला तर प्लेटांवर ताण येतो, लेप लवकर जातो.

जुलै-ऑगस्टमध्ये सेल बंद ठेवा. ऊन नसतं, पोहणारे कमी असतात, क्लोरीन फार लागत नाही. २ पीपीएम वाढवायला १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट सव्वा ते दीड लिटर पुरतं, तेही संध्याकाळी घाला. पाऊस ओसरला की मीठ मोजा आणि जेवढं कमी तेवढंच घाला. १००० पीपीएम वाढवायला तुम्हाला ७० किलो लागेल. आयोडीन नसलेलं, स्वच्छ, बारीक मीठ घ्या. काळपट खड्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि माती असते.

उद्यमबाग_वाइंडर

सेल बंद, पण मोटार बंद ठेवू नका. स्लोवर रोज पाच-सहा तास चालू द्या. पावसाळाभर बंद राहिलेली मोटार गणपतीच्या आधी आमच्याकडं येते, बेअरिंग गंजलेलं असतंय. सेल परत चालू करायच्या आधी फ्लो स्विच तपासा. मोटार बंद केली की आता पॅनेलचीच वीज जाते, म्हणून मोटार चालू ठेवून व्हॉल्व्हनं पाणी अडवा, पॅनेलवर लाल दिवा लागला पाहिजे. पट्टीवाला स्विच असेल तर पट्टीखाली पान अडकून ती ‘चालू’ स्थितीतच राहिलेली मी बघितलीय. तुमचा सेन्सरवाला हाय, तरी तपासाच. आणि स्लोवर तपासा, फास्टवर नको.

जांबोटीरोड

ठीक आहे. पावसाळ्यात मोटार स्लोवर, सेल बंद, फ्लो स्विचची तपासणी सप्टेंबरअखेर. खड्ड्याचं काम पाऊस सुरू व्हायच्या आत उरकतोय. शहापूरच्या ताई, तुमच्या स्टॅबिलायझरचं रीडिंग आलं की इथंच टाका.